खालचा हात: आरीकाम आणि जरीकाम शिकतानाचं वर्ष

भाचीच्या लग्नातल्या ब्लाउजसाठी आरीकामाचे, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या कापडावर हुकाच्या सुईने करायच्या भरतकामाचे, भाव विचारत फिरत होते. कुणी साडेतीन हजार सांगितले, कुणी अकरा हजार. कापड माझंच, नक्षी साधारण सारखीच. मग एवढा फरक कशाचा? ‘हाताचं काम आहे ताई’ यापलीकडे कुणी काही बोलेना. लग्नाला दहा महिने होते. २०२४च्या जूनमध्ये मी पुण्यातल्याच एका क्लासला नाव घातलं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर धावदोरा आणि साखळी टाका घातला होता, एवढीच पुंजी. वय सत्तेचाळीस, जवळचा चष्मा लागलेला, नोकरी दहा ते साडेपाच. माझ्यासारख्या कुणाला हे शिकावंसं वाटत असेल तर सुरुवातीचा गोंधळ जरा कमी व्हावा, म्हणून हे लिहितेय.

आधी व्हिडिओंवरून शिकायचा प्रयत्न केला होता. व्हिडिओ ढिगाने आहेत, पण सगळे वरून घेतलेले. आरीत निम्मं काम कापडाखाली चालतं आणि तिथे कॅमेरा नसतो. त्यामुळे माझं ठाम मत असं की पहिला महिना तरी समोर बसून शिकवणारं माणूस हवंच. पुढचं व्हिडिओवरून जमतं.

सरकारी मार्गही बघितला. आयटीआयमध्ये ‘सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स’ नावाचा भरतकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. ज्यांना पूर्ण वेळ देता येतो त्यांनी आपल्या जिल्ह्यात तो कुठे आहे ते जरूर विचारावं. खासगी क्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यापुरतं असतं, आयटीआयच्या प्रमाणपत्राला नोकरीत किंमत आहे. मला नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून शनिवार-रविवारचा दोन-दोन तासांचा क्लास घेतला. तीन महिन्यांचे साडेसात हजार, सामान वेगळं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. एका चौकटीवर किती जणी बसतात? दोनपेक्षा जास्त असतील तर हाताला वेळ मिळत नाही. जरीचं काम शिकवतात की नुसतं मणी-टिकल्यांचं? आणि घरी सराव करायला स्वतःची चौकट घ्यावीच लागते का? तिसऱ्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असंच आहे, पण त्यामुळे खर्चाचा अंदाज येतो.

सामानासाठी रविवार पेठेत गेले. मणी, लेस, जर, टिकल्या असं सगळं तिथल्या गल्ल्यांमधून मिळतं. मुंबईकरांना भुलेश्वर आहेच. चौकट आणि स्टँड मिळून एकोणीसशे रुपये, दांडीसकट आरीची सुई एकशे वीस, जोडीला बारीक-जाड सुया, रेशमी दोऱ्याची रिळं, छोटी कात्री आणि सरावासाठी मांजरपाट. सगळं धरून तीन हजारांच्या आत बसलं. दुकानदार पहिल्याच दिवशी खडे, कुंदन, दहा रंगांचे मणी गळ्यात मारायला बघतात. घेऊ नका, दोन महिने त्यांचं काहीच काम पडत नाही. ते पैसे प्रकाशाला घाला. मी पाचशे रुपयांचा वाकवता येणारा एलईडी दिवा घेतला. चष्म्याचा नंबरही तपासून घेतला, तोही पाव नंबराने वाढलेला निघाला.

पहिला आठवडा तर नुसतं कापड ताणण्यात गेला. चौकट म्हणजे चार लाकडी दांड्या. समोरासमोरच्या दोन दांड्यांना निवारीची पट्टी असते. तिला कापडाचे काठ दाभणाने टाचायचे, दांड्या लांब सरकवून खुंट्या घालायच्या आणि उरलेल्या दोन बाजू सुतळीने खेचायच्या. टिचकी मारली की कापड वाजलं पाहिजे. कापड सैल असेल तर सुई खाली जाताना त्यालाही सोबत घेऊन जाते आणि वर येताना हूक अडकतो. त्यात पावसाळा. रात्री ताणून ठेवलेलं कापड सकाळी सैल झालेलं असायचं, त्यामुळे बसायच्या आधी सुतळी पुन्हा ओढणं हा नेमच झाला.

आता मुख्य गोष्ट. आरी म्हणजे टोकाला बारीकसा हूक असलेली सुई. तिला नेढं नसतं, दोरा ओवायचा नसतो. दोरा कापडाखाली डाव्या हाताच्या चिमटीत असतो. उजव्या हाताने सुई सरळ उभी खाली घालायची, खालच्या हाताने दोरा हुकात द्यायचा, सुईला अर्धा वळसा देऊन दोरा अडकवायचा आणि वर ओढायचा. कापडावर एक फास येतो. तो सुईवरच ठेवून तांदळाएवढं पुढे जायचं, पुन्हा खाली, पुन्हा दोरा, पुन्हा वळसा. नवा फास जुन्या फासातून वर येतो आणि साखळी पुढे सरकते. लिहायला चार ओळी लागल्या, हाताला बसायला सगळा जून लागला.

सगळ्यांचं लक्ष सुईकडे, म्हणजे वरच्या हाताकडे असतं. माझंही होतं. फास कधी मोठा यायचा, कधी येतच नव्हता, कधी हूक कापडाचा एखादा तंतूच उपसून आणायचा. क्लासमधल्या मॅडमनी एक दिवस माझा डावा हात चौकटीखाली धरून ठेवला आणि म्हणाल्या, ‘वरचा हात मी चालवते, तुम्ही नुसता दोरा द्या.’ त्या पाच मिनिटांत उलगडा झाला. दोरा कुठल्या बाजूने द्यायचा, किती ताणून धरायचा आणि फास वर निघताना चिमूट कधी सैल सोडायची, हे सगळं खालचा हात ठरवतो. टाके सारखे येतात ते त्याच्यामुळे. पुढे एका कारखान्यातल्या वयस्कर कारीगराने हेच त्याच्या भाषेत सांगितलं: ‘दीदी, नीचेवाला हाथ सीखो, ऊपरवाला अपने आप आएगा.’

दोन बारीक गोष्टी इथेच सांगते, कारण त्या कुणी आपणहून सांगत नाही. सुई दांडीत बसवताना तिचा हूक आणि दांडीवरचा छोटा स्क्रू एका रेषेत ठेवा. काम करताना हूक दिसत नाही, स्क्रू दिसतो. म्हणजे हुकाचं तोंड कुठे आहे हे बोटालाच कळतं. आणि सुई वर काढताना ती हुकाच्या विरुद्ध बाजूला किंचित दाबायची, म्हणजे भोक जरासं रुंदावतं आणि हूक कापडात न अडता निघतो. माझं तंतू उपसणं त्याच दिवशी निम्म्यावर आलं.

सुई खालच्या बोटात घुसतेच. टोकाला हूक असल्यामुळे घुसताना नाही, निघताना दुखतं. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. अंगुस्तान घालून बघितलं, पण मग दोराच जाणवत नाही. क्लासमधल्या बाकीच्या मुलींसारखीच मीही तर्जनीला कागदी चिकटपट्टी गुंडाळायला लागले.

साखळीचं शेवटचं टोक बंद करायला पहिल्याच दिवशी शिका. सिमेंटच्या गोणीची शिवण एका ओढीत सरसर उसवते ना, तीही साखळीच. शेवटचा फास मोकळा राहिला तर तासाभराचं काम तसंच निघून येतं. शेवटच्या फासावरून अगदी बारीक आडवा टाका घ्यायचा, दोरा खाली न्यायचा आणि मागे गाठ मारायची. धुण्यात ब्लाउजचं काम उसवल्याच्या ज्या तक्रारी ऐकतो, त्यातल्या पुष्कळशा या एका टाक्याच्या आहेत.

जुलैअखेर रेशमी दोऱ्याने वेल, पानं, भरीव पाकळी असं जमायला लागलं होतं. मॅडम म्हणाल्या, आता जर घ्या. आणि मी पुन्हा पहिलीत जाऊन बसले.

जरीला दोरा म्हणायचं एवढंच. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून ती रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. बाजारात ‘टेस्टेड’ नावाने मिळते तिच्यात तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा आणि सोनेरी मुलामा. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे चकचकीत फिल्मची पट्टी धाग्यावर गुंडाळलेली. आपल्याकडे येते ती बहुतेक जर सुरतेची. माझ्या आत्याचा शालू विरल्यावर तिने तो जर गाळणाऱ्याला विकला होता आणि त्यातून चांदीचे पैसे आले होते. आताच्या साडीत ते भाग्य नाही. दुकानात ओळखायचं असेल तर इंचभर तुकडा मागून घ्या. नखाने खरवडल्यावर आतून लालसर तार दिसली तर तांब्याची. घरी येऊन काडी लावली आणि टोकाला वितळून गोळी झाली तर प्लास्टिकची. सरावाला प्लास्टिकची चालते. ती लवचीक असते आणि काळी पडत नाही. पण लग्नाच्या कामात शेजारी शेजारी ठेवली की डोळ्यांना फरक कळतो, तिची चमक पांढरट आणि उथळ वाटते.

अडचण त्या गुंडाळण्यातच आहे. हूक एकाच जागी दोन-तीनदा घासला की वरची तार उलगडते आणि आतला धागा दिसायला लागतो. तेवढा तुकडा मेला, पुन्हा वापरता येत नाही. रेशमी दोऱ्यात चुकलेला टाका उसवून त्याच दोऱ्याने पुन्हा घालता येतो, जरीत ती सोय नाही. म्हणून मी जरीसाठी सुई एक नंबर जाड घेतली, टाका तांदळाऐवजी गव्हाएवढा केला आणि खालचा हात आणखी सैल सोडला. टाका लांब असला की जर चमकतेही जास्त. रीळ उभं ठेवून वरून दोरा ओढला तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ जास्तीचा पडतो, जर वळवळते आणि गुंता होतो. मी विणकामाची एक सुई चौकटीच्या पायाला आडवी बांधली आणि रीळ तिच्यावर अडकवलं. ते गोल फिरत दोरा सोडतं, पीळ पडत नाही. हाताला घाम येत असेल तर टाल्कम पावडर लावा. तांब्याची जर घामाने काळवंडते. पावसाळ्यात मी रिळं हवाबंद डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवत होते.

गौरी १० सप्टेंबरला यायच्या होत्या. दोन्ही गौरींच्या ब्लाउजच्या बाह्यांना जरीची एकेरी वेल काढली. काही खास नव्हती, पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी बाह्या उलट करून पाहिल्या आणि दोघींनी आपले ब्लाउज पीस आणून दिले. मी घेतले नाहीत. भाचीचं काम आधी.

क्लास सप्टेंबरात संपला, पण डबका शिकायचा राहिला होता. आरी आणि जरदोजी ही नावं बाजारात एकत्रच घेतात, पण काम वेगळं. जरदोजीत डबका, कोरा, नक्षी, सलमा अशा स्प्रिंगसारख्या पोकळ तारा असतात. त्यांचे तुकडे कापून साध्या सुईने मण्यासारखे ओवून टाचतात. या तारा वजनावर मिळतात. जरासा जास्त ताण पडला की स्प्रिंग उघडते आणि पैसे वाया. ज्या कारखान्यातल्या कारीगराचं वाक्य वर लिहिलं, तिथे मालकांना विचारून मी ऑक्टोबरभर संध्याकाळी जात होते. चार जण मोठ्या अड्ड्याभोवती, म्हणजे चौकटीभोवती, जमिनीवर बसलेले, बहुतेक उत्तर प्रदेश आणि बंगालकडचे. पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी चहा-बिस्किटांवर आणि मालकांच्या हिशेबाच्या वह्या एक्सेलमध्ये घालून देण्यावर तडजोड झाली. तिथे कळलेल्या दोन गोष्टी: टाचायचा दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे तो तारेच्या कडांनी कापला जात नाही. आणि डबका मखमलीच्या तुकड्यावर ठेवून कापायचा, नाहीतर तुकडे उडून खोलीभर होतात.

नक्षी कापडावर उतरवायची पद्धतही तिथेच पक्की झाली. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढून रेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून पांढऱ्या पावडरीत रॉकेल कालवून बोळ्याने पुसायचं. रॉकेल उडून जातं, ठिपके राहतात. फिक्या कापडाला पांढऱ्याऐवजी नीळ. आता रॉकेल मिळतं कुठे? मी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, काम भागलं. खिडक्या मात्र उघड्या ठेवा. दुसऱ्या बाहीसाठी तोच खाका उलटा करून ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाह्यांवरचे मोर एकमेकांकडे बघतात.

भाचीचा ब्लाउज नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नानंतर चौकटीवर चढला. कापड रॉ सिल्क, खाली सुती अस्तर जोडून ताणलेलं. कापड आधी कापायचं नाही. शिंप्याकडून मापाने गळा, बाह्या, पाठ यांची आखणी करून आणायची, काम करायचं आणि मगच त्याने कापायचं. शिवणीच्या रेषेपासून अर्धा इंच मणी आणि डबका ठेवायचा नाही, मशिनची सुई मोडते. जिथे वेल शिवणीवरून जाते तिथली जागा रिकामी सोडून ती शिवून आल्यावर हाताने भरायची. इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल घालून. प्लास्टिकची जर असेल तर इस्त्री कोमटच, नाहीतर जर आकसते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काम संपलं. सामानाचे साधारण सोळाशे रुपये झाले. वेळेचा हिशेब मांडला तेव्हा ते साडेतीन आणि अकरा हजार कुठून येतात ते कळलं. जर कुठली, टाका किती दाट, डबका किती ग्रॅम, मागची बाजू कशी, आणि मुळात काम हाताचं आहे की मशिनचं. शेवटचं बघायला ब्लाउज उलटा करा. आरीच्या कामात मागेही तोच दोरा सरळ रेषेत दिसतो. मशिनच्या भरतात बहुतेक वेळा मागे बॉबिनचा वेगळा, पांढरा नाहीतर काळा दोरा असतो. अकरा हजार सांगणारी बाई मला आता महाग वाटत नाही. साडेतीन हजारांत हाताचं दाट काम देतो म्हणणाऱ्याकडे मात्र मी जाणार नाही, कारण त्यात कारीगराच्या हाती काय पडत असेल याचा अंदाज आता आहे.

लग्नानंतर चार कामं आली आणि कागदपत्रांचा विषय निघाला. मला पहिल्यांदा केंद्राची कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना सुचवली गेली. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी आहे, भरतकाम वेगळं नाही. शिवणही करत असाल तर बघा, नुसत्या आरीकामासाठी ती नाही. आपल्या उपयोगाची गोष्ट केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे आहे. तिथल्या विकास आयुक्त, हस्तकला यांच्या कार्यालयाकडून कारागिरांना ‘पेहचान’ नावाचं ओळखपत्र मिळतं. अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. ‘कार्ड काढून देतो, हजार रुपये’ असं म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार करा.

माझ्याकडे आधार, फोटो आणि बँकेचं पासबुक मागितलं. माझं जुनं खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. आधी बँकेत विवाह नोंदणीचा दाखला, आधारची प्रत आणि केवायसीचा अर्ज दिला. नवं नाव पासबुकावर यायला तीन आठवडे लागले. म्हणून अर्जाआधी सगळ्या कागदांवरची नावं एकाखाली एक लिहून बघा, मधल्या नावासकट. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. अर्जात कलेचा प्रकार निवडताना जरी-जरदोजी आणि भरतकाम असे जवळजवळचे पर्याय दिसले. तुमच्याकडे दाखवायला जे तयार काम आहे त्याच्याशी जुळेल ते निवडा, कारण पुढे ते दाखवावं लागतं.

पडताळणीसाठी मेमध्ये फोन आला. चौकट रिक्षात बसत नाही, म्हणून हातभर रुंदीची छोटी चौकट कापड ताणूनच नेली. अधिकाऱ्यांनी आधी केलेली कामं पाहिली आणि मग समोर काम करायला सांगितलं. मी जरीची एक पाकळी काढली. त्यांनी कापड उचलून मागची बाजू बघितली, नोंद केली, झालं. जाताना धाग्याची रिळं, कात्री, चष्मा आणि तो वाकणारा दिवा सोबत न्या. सरकारी ट्यूबलाइटखाली सोनेरी जर सोनेरी कापडावर दिसत नाही.

मधल्या काळात उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली. त्यालाही शुल्क नाही. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी साइट पैसे मागतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघूनच आधार नंबर टाका. पॅन लागतो. व्यवसायाचा कोड निवडताना भरतकाम आणि जरीकाम वेगवेगळे दिसतात, दोन्ही जोडता येतात.

कार्ड हातात आलं म्हणून मेळाव्यात स्टॉल मिळतोच असं नाही. गांधी शिल्प बाजारसारख्या प्रदर्शनांसाठी अर्ज दरवेळी वेगळा करावा लागतो. त्यासाठी मी आता प्रत्येक काम गिऱ्हाइकाला देण्याआधी फोटो काढून ठेवते: एक पूर्ण ब्लाउजचा, एक टाका दिसेल असा जवळून आणि एक उलट बाजूचा.